नागराज, ध्रुव आणि वऱ्हाडातले वाचक

अमरावती-अकोल्यात १९९०च्या दशकात शाळेत असलेल्या पिढीचे सुपरहिरो हिंदी बोलायचे. दिल्लीच्या राज कॉमिक्सचे नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, परमाणु ही नावं त्या वयातल्या पोट्ट्यांना तोंडपाठ होती. हे अंक रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मिळत, बसस्टँडजवळच्या टपरीवर टांगलेले असत आणि बहुतेकांच्या हाती पडत ते गल्लीतल्या भाड्याच्या दुकानातून. ती पिढी आता चाळिशीत आहे. जुन्या अंकांच्या नव्या आवृत्त्या निघताहेत आणि दोन-चार नायकांना एकाच कथेत आणणारे जाडजूड विशेषांक पुन्हा वाचले जाताहेत. त्यांच्याविषयी बोलण्याची आपली रीत मात्र ठरून गेली आहे. लहानपणचं हिंदी वेड होतं, अमेरिकेची नक्कल होती, मराठी वाचनाशी त्याचा काय संबंध, एवढं म्हटलं की विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये. चित्र काढणाऱ्या हातापासून कथेच्या कच्च्या मालापर्यंत या कॉमिक्सचं मराठीशी जवळचं नातं आहे, आणि मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास त्यांना वगळून लिहिला तर तो अपुराच राहील.

ज्यांनी हे अंक कधी हाती घेतले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. राजकुमार गुप्ता आणि त्यांच्या मुलांनी दिल्लीतून राज कॉमिक्स चालवलं. १९८६ मध्ये नागराज आला. प्रोफेसर नागमणीने त्याला भाड्याने देण्याचं जिवंत हत्यार म्हणून घडवलेलं असतं. पैसे मोजणाऱ्या दहशतवाद्याच्या हुकमावर चालायचं, हेच त्याचं काम. बाबा गोरखनाथ त्याच्या मनावरचा हा ताबा काढून टाकतात आणि तो दहशतवादाविरुद्ध उभा राहतो. पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, तोंडावर मुखवटाही नाही. ज्युपिटर सर्कशीत वाढलेला हा पोरगा झोक्यावरच्या कसरती, मोटारसायकल आणि जनावरांची भाषा तिथेच शिकतो. प्रतिस्पर्धी सर्कसवाले आग लावतात, त्यात आईवडील जातात आणि पोलीस अधिकारी राजन मेहरा त्याला दत्तक घेतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईचा डोगा आला. तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदुका आणि कायद्यावर काडीचा विश्वास नाही. दिल्लीच्या पोलीस खात्यातला परमाणु, ढाल घेतलेला तिरंगा, आसामच्या जंगलातला भेडिया असे आणखी बरेच होते. नागराज आणि ध्रुव प्रथम एकत्र आले, मग ‘प्रलय’, ‘विनाश’, ‘राजनगर की तबाही’ असे विशेषांक आले आणि दशक सरता सरता ‘कोहराम’मध्ये जवळजवळ सगळी पलटण एका संकटापुढे उभी राहिली. या पलटणीला पुढे ‘ब्रह्मांड रक्षक’ हे नाव मिळालं.

एकत्र येण्याचा हा प्रकार आजच्या वाचकाला साधा धंदा वाटेल. दोन खपाऊ नायक एका मुखपृष्ठावर घातले की दोघांचे वाचक एकच अंक घेतात, हे खरंच आहे. पण असे अंक आज पुन्हा वाचताना लक्ष जातं ते हाणामारीआधीच्या पानांकडे. ज्यांचे नियम जुळत नाहीत अशा लोकांना तिथे एका कामाला लावायचं असतं. ध्रुव पोलीस अधिकाऱ्याच्या घरात वाढलेला, तो गुन्हेगाराला कायद्याच्या ताब्यात देतो. डोगा मूळ कचऱ्यात टाकून दिलेलं पोर. डाकूने वाढवलेलं आणि मुंबईत येऊन व्यायामशाळेत घडलेलं. तो थेट गोळी घालतो. नागराजाचं तर आधीचं आयुष्यच दुसऱ्याच्या हुकमात गेलेलं. एकट्याच्या कथेत नायकाचा नियम हाच जगाचा नियम असतो, त्याला उलट विचारणारं कोणी नसतं. दुसरा नायक शेजारी उभा राहिला की ती सोय संपते. डोगाच्या बंदुकीकडे ध्रुवाच्या नजरेने पाहावं लागतं आणि ध्रुवाच्या कायदेप्रेमाकडे डोगाच्या नजरेने. बारा वर्षांच्या वाचकाला नीतिशास्त्र शिकवायचं म्हणून हे कोणी केलं असेल असं नाही. संघकथेची रचनाच ते करून घेते. ध्रुवाच्या स्वतःच्या कमांडो फोर्समधले पीटर, रेणू आणि करीम पाहा. त्या तीन नावांतच एका काळाचा हिशेब आहे. मनोज कॉमिक्सने राम-रहीम ही जोडी काढली तीही याच विचारातून. आज हे फार सरळसोट वाटतं, पण ज्या दशकात देशात दंगली झाल्या त्या दशकात ते मुलांपुढे ठेवलं जात होतं, एवढी नोंद केलीच पाहिजे.

आता मराठीशी असलेल्या नात्याकडे येऊ. त्याचा सर्वांत ठळक पुरावा चित्रांत आहे. नागराजाचं जे रूप डोक्यात पक्कं बसलं ते घडवलं पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. १९९५च्या सुमारापर्यंतच्या बहुसंख्य नागराज-कथांवर त्यांचं नाव आहे आणि त्यांच्यासोबत चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांचं. मुळीक हे ‘अमर चित्र कथा’चे महत्त्वाचे चित्रकार. त्या मालेतल्या ‘शिवाजी’ या अंकाची चित्रं त्यांची आहेत आणि त्या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे ‘फास्टर फेणे’च्या लेखकाची. मराठी बालसाहित्य आणि हिंदी सुपरहिरो यांच्यात जी भिंत आपण समजतो ती इथे उरतच नाही. फास्टर फेणेचा लेखक आणि नागराजाचा चित्रकार एकाच अंकावर काम करून गेलेले आहेत. मुळीकांचा नागराज पाहिला तर हाताची ओळख पटतेच. छाती, दंड, पोटऱ्यांचा आकार शरीरशास्त्राला धरून असतो, अंगावरचे खवले त्या आकाराच्या वळणाने फिरतात, चेहरा देखणा आणि गंभीर. मनगटातून साप सुटतात तेव्हाही उभं राहण्याची ढब पौराणिक चित्रातल्या वीराची असते. ‘नागराज की हांगकांग यात्रा’सारख्या कथेत तो परदेशी शहरात वावरतो, पण पौराणिक अंकांच्या चित्रांवर नजर तयार झालेल्या वाचकाला तो परका वाटत नाही. महाभारताची ४२ अंकांची ‘अमर चित्र कथा’ काढणारे दिलीप कदमही पुण्याचे, आणि त्यांनीही पुढे राज कॉमिक्ससाठी काम केलं. हिंदी प्रकाशकाला पुण्याकडे यावंसं वाटलं, कारण मानवी शरीर आणि पौराणिक दृश्य सफाईने काढणारे हात तिथे तयार होते.

संघकथांनी या चित्रशैलीला धक्काही दिला, आणि तो मला त्यांचा दोष वाटतो. ध्रुवाची दुनिया अनुपम सिन्हांची. लेखन त्यांचं, चित्रं त्यांची. नागराज आणि ध्रुवाची संयुक्त साहसं त्यांच्याकडे गेली आणि दशकाच्या मध्यानंतर नागराजही त्यांच्याच हाती आला. सिन्हांचं पान गजबजलेलं असतं. लहान-लहान चौकटी, वेग भरपूर आणि युक्तीचं स्पष्टीकरण देणारे लांब संवाद. कथाकार म्हणून ते मुळीकांच्या काळातल्या लेखकांपेक्षा सरस आहेत यात वाद नाही. नागराजाला महानगरात घर मिळालं, ‘राज’ नावाचा साधा चेहरा मिळाला, नोकरी मिळाली. पण देशोदेशी एकटा फिरणारा तो धीरगंभीर सर्पमानव हळूहळू इतर नायकांच्या मापाचा झाला. संघ उभा करायचा तर सगळ्यांना एका जगात, एका शैलीत आणि साधारण एका ताकदीत बसवावं लागतं. त्या व्यवहारात मुळीकांचं काहीतरी गेलं. जुने आणि नवे अंक शेजारी ठेवून पाहणाऱ्याला हे लगेच दिसतं.

कथेचा कच्चा मालही महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचा होता. गोरखनाथ हे नाव घ्या. नवनाथांची पोथी ज्या घरांत वाचली जाते त्या घरातल्या मुलाला नाथ म्हणजे काय आणि नाथाच्या शब्दाने माणूस कसा बदलतो हे वेगळं सांगावं लागत नाही. ध्रुवाची सर्कस घ्या. भारतीय सर्कशीचा आरंभ १८८० च्या सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी केला असं मानतात, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मराठी मालकांच्या सर्कशी देशभर तंबू ठोकत हिंडल्या. आणि डोगाची तालीम घ्या. त्याला घडवणारे अदरक चाचा आणि त्यांचे भाऊ व्यायामशाळेत मेहनत करून घेतात. लढणं ही कमावण्याची गोष्ट, हा त्यांचा धडा. अमरावतीकराला हे नवं नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ आणि कसरती करून दाखवल्या, हे गावाच्या अभिमानाचं प्रकरण आहे. मल्लखांबाच्या गावात वाढलेल्या पोराला, वरून पडलेल्या शक्तीपेक्षा घाम गाळून कमावलेलं अंग जास्त पटलं तर नवल नाही. ध्रुव आणि डोगा हे दोघेही त्या पठडीतले. संघात ते नागराजाच्या शेजारी बरोबरीने उभे राहतात.

भाषेचं काय, हा प्रश्न उरतोच. वऱ्हाडातल्या मराठी शाळेतल्या मुलाने चौसष्ट पानं हिंदी वाचावं हे घडलं कसं? लिपी एक, हे पहिलं कारण. शाळेत पाचवीपासून हिंदी होती, हे दुसरं. तिसरं कारण मात्र या भागाचं स्वतःचं आहे. वऱ्हाड १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांताशी बांधलेला होता. हिंदी आणि मराठी दोन्ही तिथल्या कारभाराच्या भाषा होत्या. कापसाच्या बाजारामुळे मारवाडी आणि गुजराती व्यापारी इथे स्थिरावले, अचलपूर-अकोटकडे उर्दू बोलणारी जुनी वस्ती, धारणीपलीकडे लगेच मध्य प्रदेश. बाजारात हिंदी, घरात वऱ्हाडी आणि शाळेत प्रमाण मराठी अशा तीन थरांत इथलं पोर सहज वावरतं. शिवाय रेल्वे होती. मुंबई-हावडा मार्गावर अकोला आणि बडनेरा, आणि अकोल्याहून अकोट आणि मेळघाटच्या जंगलातून धूळघाटाचा वळसा घेत खंडव्याला जाणारी मीटरगेज. उत्तरेतून येणाऱ्या छापील मालाला वऱ्हाड कधी आडवाटेचं नव्हतं. पुण्या-मुंबईत बसून मराठी वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हिंदी कॉमिक्स परकी वाटू शकतात. अकोल्यात ती बाजारात रोज कानावर पडणाऱ्या भाषेत होती.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप नक्कल केल्याचा. तो नाकारण्यात अर्थ नाही. ध्रुवाच्या सर्कशीतल्या जन्मकथेवर बॅटमनच्या साथीदाराची, रॉबिनची, सावली आहे, तिरंगाच्या ढालीवर कॅप्टन अमेरिकाची, राज कॉमिक्सच्याच इन्स्पेक्टर स्टीलवर रोबोकॉपची. संघाची कल्पनाही तिकडचीच. जस्टिस लीग १९६० ची, अव्हेंजर्स १९६३ ची. पण उसनी घेतलेली चौकट आणि तिच्यात भरलेला माल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हीकडच्या वाचनाचा व्यवहार तर अगदीच वेगळा होता. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच मुखपृष्ठांत निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी प्रती वाचण्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. भाव वाढेल म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवल्या गेल्या. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला भाव येत नसतो. बाजार बसला आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच काळात आपल्याकडे नागराजाची एक प्रत भाड्याच्या दुकानातून हाताहातांत फिरत होती. दुकानदार तिला जाड पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवत असे, दुकानाचा शिक्का मारत असे आणि उशीर झाला की वरचे पैसे घेत असे. घरी न्यायचे पैसे नसतील तर बाकावर बसून वाचायचं. एका प्रतीला अनेक वाचक, हा व्यवहार अमेरिकन संघकथांच्या त्या दशकातल्या व्यवहाराच्या नेमका उलटा. म्हणून तिकडे प्रती उरल्या आणि इकडे आठवणी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हिंदी कॉमिक्सने मराठी वाचन मारलं, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या चिंतेला आधार आहे, पण घटनाक्रम त्यांच्या बाजूने नाही. मराठीत चित्रकथा होत्याच. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीतला वेताळ आणि मॅन्ड्रेक हे आधीच्या पिढीचे दैवत. १९६४ मध्ये सुरू झालेली ती माला १९९० मध्ये बंद पडली, आणि वऱ्हाडात राज कॉमिक्सची चलती त्यानंतरच्या दशकातली. मोकळी झालेली जागा हिंदीने घेतली. ती मराठी प्रकाशकांना घेता आली नाही यामागे पैसा होता, हे समजून घ्यायला हवं. रंगीत अंक दर महिन्याला स्वस्तात द्यायचा तर खप प्रचंड लागतो. पाच-सहा राज्यांत पसरलेल्या हिंदी बाजाराला तो परवडत होता, एका राज्याच्या भाषेला जड जात होता. पण पैशाखेरीज रुचीचाही भाग होता. मराठी बालसाहित्याला माणसाच्या मापाचा नायक आवडतो. फास्टर फेणे सायकलवर हिंडतो, मार खातो, हुशारीने सुटतो. विमानातून उडी मारणारा किंवा विषारी श्वास सोडणारा नायक शिष्ट मराठी अभिरुचीला पोरकट वाटत आला. भागवत आणि मुळीक एकत्र आले तेही ऐतिहासिक चरित्रासाठी. काल्पनिक महानायकासाठी मराठीने त्यांना एकत्र आणलं नाही. हात इथेच होते, मागणी दिल्लीहून आली.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान खाली घालावी लागते. या अंकांत हिंसा भरपूर आहे, आणि स्त्रिया बहुतेक वेळा मुलग्यांनी पाहायला म्हणून काढलेल्या आहेत. ध्रुवाची बहीण श्वेता चंडिका बनून लढते आणि ग्रँड मास्टर रोबोची मुलगी नताशा दोन निष्ठांत सापडते, तरी कथेच्या मध्यभागी त्यांना क्वचितच जागा मिळते. दशकाच्या उत्तरार्धात शक्ती आली. मुलगी नको म्हणणाऱ्या नवऱ्याच्या क्रौर्यातून चंदा ही साधी बाई कालीचं रूप घेते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हा विषय काही दूरचा नव्हता. तरीही एकटी शक्ती सगळ्या पलटणीचा तोल सावरू शकत नाही. आज मुलांच्या हाती हे अंक देताना मोठ्यांनी सोबत बसावं, असंच मी म्हणेन. डोगाच्या कथा तर दहा वर्षांच्या मुलासाठी नाहीतच.

दोष मान्य करूनही हे अंक हिशेबात घ्यावे लागतात. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक कितीतरी वर्षं साहित्याच्या चर्चेबाहेर होते. पुढे लोकप्रिय वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांच्याकडे वळावंच लागलं. ज्या पुस्तकांनी हजारो मुलांना स्वतःहून, परीक्षेच्या धाकाशिवाय, पान उलटायला लावलं ती पुस्तकं गुणवत्तेच्या चाळणीआधी निदान नोंदवहीत तरी यावीत. हे सगळं फक्त हळवेपणातून चाललंय असं कोणी म्हणेल. हळवेपणा असेलही, पण मुळीक, मिसाळ आणि कांबळे यांची नावं कॉमिक्सच्या श्रेयपानावर छापलेली आहेत. त्यासाठी कोणाच्या आठवणीवर विसंबायची गरज नाही.

केबल टीव्ही घरोघर आला, १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ दिसू लागला, पुढे संगणक आणि मोबाइल आले आणि भाड्याची दुकानं एकेक करून बंद झाली. राज कॉमिक्सही अलीकडे गुप्ता बंधूंमध्ये वाटलं गेलं. जुने अंक आता वेगवेगळ्या नावांनी, गुळगुळीत कागदावर, रंग पुन्हा भरून निघतात. या आवृत्त्यांतून कथा मिळते. दुकानाचा शिक्का, शिवलेला पुठ्ठा आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेला प्रतीचा क्रमांक मिळत नाही. या खुणा जपायला इथे संस्था आहेत. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीतच स्थापन झाला. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे, अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत जुनी वाचनालयं आहेत. यांपैकी एका संस्थेने तरी वऱ्हाडात वाचल्या गेलेल्या कॉमिक्सचा संग्रह सुरू करावा, भाषा हिंदी आहे म्हणून तो नाकारू नये, आणि त्यांतल्या मराठी चित्रकारांची नावं मराठी बालसाहित्याच्या सूचीत घालावीत. ज्यांच्या माळ्यावर भाड्याच्या दुकानाचा शिक्का असलेला एखादा अंक अजून पडून असेल, त्यांनी तो रद्दीत घालण्याआधी जवळच्या वाचनालयात विचारून पाहावं.